मागे ५२०आय लिहिलंय आणि आत १६०० सीसी? इंजिनाच्या मापावरच्या करांबद्दल प्रश्न

चाकणकर

नमस्कार मंडळी. मी चाकणला गाड्यांचे पार्ट करणाऱ्या कंपनीत आहे, फिक्श्चर आणि लाइन सेटिंगचं काम. २०२२च्या ऑक्टोबरात कंपनीने तीन आठवडे तुर्कस्तानात बुर्साला धाडलं होतं. तिथल्या कारखान्याचा मॅनेजर इस्तंबूलच्या विमानतळावर मला घ्यायला स्वतः आला, काळी बीएमडब्ल्यू ५२०आय घेऊन. फाइव्ह सिरीजमध्ये बसायची माझी पहिलीच वेळ, त्यामुळे स्वारी खूश. ओस्मानगाझी पूल ओलांडल्यावर पुढे एका चढाला त्याने गाडी दामटली, तेव्हा मात्र वाटलं की आवाज बराच आहे, जोर त्या मानाने कमी. मी विचारलं, दोन लिटर ना? तो हसला आणि म्हणाला, "वन पॉइंट सिक्स."

मला आधी थट्टा वाटली. ५२०मधला २० म्हणजे दोन लिटर हे आम्ही कॉलेजात पाठ केलेलं. पण खरंच आत सोळाशेच्या जरा खालचं, १७० हॉर्सपॉवरचं टर्बो इंजिन होतं. इतर देशांत हीच ५२०आय दोन लिटर आणि १८४ हॉर्सपॉवरची मिळते.

रात्री जेवताना त्याने कागदी नॅपकिनवर हिशोब मांडून दाखवला. त्यांच्याकडे गाडीवर ओ-ते-वे नावाचा विशेष कर आहे आणि त्याला तेव्हा तीन पायऱ्या होत्या: १६०० सीसीपर्यंत, १६०० ते २०००, आणि २०००च्या वर. त्या वेळी महागड्या गाड्यांसाठी ते दर होते ८०, १५० आणि २२० टक्के. त्यावर आणखी १८ टक्के व्हॅट, आणि तो नुसत्या किमतीवर नाही तर कर धरून झालेल्या बेरजेवर. म्हणजे कंपनीची किंमत १०० धरली तर सोळाशेच्या आतली गाडी २१२ला पडायची, दोन लिटरची २९५ला, आणि त्याहून मोठी ३७८ला. गाडी तीच, सीट तीच, पुढचा तो जाळीचा चेहराही तोच. शिवाय दरवर्षी जानेवारी आणि जुलैत भरायचा रस्त्याचा कर वेगळा, त्यातही सीसी बघतात.

नॅपकिन अजून माझ्या डायरीत आहे. प्रश्न दोन:

एका देशाच्या करासाठी कंपन्या खरोखर वेगळं इंजिन काढतात का, की तुर्कस्तान हा एखादाच विचित्र नमुना?

आणि दुसरा, जो मला जास्त छळतो. ज्याला फाइव्ह सिरीज परवडते त्याला कराचं काय सोयरसुतक? श्रीमंत माणूस खरंच सीसी मोजून गाडी घेतो?

नागोया_रिटर्न

चाकणकर, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. जरा लांबण लागेल. रिटायर माणूस आहे, सांभाळून घ्या.

१९८७च्या शेवटी आम्हा दोघांना सातपूरच्या कारखान्यातून डाय-मोल्डचं काम शिकायला जपानला पाठवलं. आइची प्रांतातलं कारिया हे गाव. तीन वर्षं तिथे काढली. आमचा काचो, म्हणजे सेक्शनचा साहेब, टोयोटा क्राउन चालवायचा. पांढरी, सीटांना लेसचे अभ्रे, आणि डिकीत पिसांची एक मोठी झाडणी. जेवणाच्या सुट्टीत माणूस डबा उघडायच्या आधी गाडी झटकून यायचा.

तेव्हा जपानात गाडीची जात नंबरप्लेटवर लिहिलेली असायची. वरच्या ओळीत गावाचं नाव, आमच्याकडे मिकावा, आणि त्यापुढे दोन आकडे. ते ५ने सुरू झाले तर गाडी 'छोटी', ३ने सुरू झाले तर 'मोठी'. छोटीची मापं ठरलेली: लांबी ४.७ मीटर, रुंदी १.७ मीटर, उंची २ मीटर, इंजिन २००० सीसी. चारातलं एक जरी माप ओलांडलं तरी गाडी मोठ्यांत जमा. वर्षाचा कर दोन लिटरच्या छोटीला ३९,५०० येन, आणि मोठीला कमीत कमी ८१,५००. अध्येमध्ये काहीच नाही. घेतानाचा करही वेगळा: छोटीला १८.५ टक्के, मोठीला २३.

आता काचोची क्राउन बघा. इंजिन दोन लिटर, पण सिलिंडर सहा, कारण सहा सिलिंडरशिवाय साहेबपणा येत नाही. रुंदी १६९५ मिलिमीटर. पाच मिलिमीटर तेवढे सोडलेले, आमच्याकडे डायला क्लिअरन्स सोडतात तसे. लांबीलाही तोच प्रकार. त्यामुळे गाडी पुढून बघावी तर भारदस्त, आणि मागे तीन माणसं बसली की मधला आवळा भोपळ्याच्या मोटेत सापडल्यासारखा. मी कायम मधला.

त्याच क्राउनचं मोठ्या इंजिनाचं मॉडेलही मिळायचं, आणि गंमत अशी की एक काळ त्याचा सांगाडा छोटीचाच असायचा, फक्त बंपर लांब लावलेले. आत बसलेल्याला एक इंचही जास्त मिळत नव्हता. तरी लोक ती घ्यायचे. का? प्लेटवरच्या ३साठी. कारियाच्या बाजारात 'मिकावा ३३' प्लेटची गाडी शिरली की पार्किंगवाला म्हातारा जरा जास्तच वाकायचा, हे मी पाहिलंय. चाकणकर, तुम्ही विचारता श्रीमंताला कराचं काय. अहो, कर जास्त भरतो हे गाडीच्या पुढेमागे लिहून मिळत होतं! दुप्पट कर ही त्या आकड्याची किंमत होती, आणि ती भरणारा खुशीत भरत होता. सीसी मोजायचे ते आमच्या काचोसारखे, एक पायरी खालचे. संख्या त्यांचीच जास्त, आणि कंपनीला गाड्या खपवायच्या त्यांनाच.

परदेशी गाड्यांचंही हेच गणित. बीएमडब्ल्यूची त्या वेळची थ्री सिरीज रुंदीला १६४५ मिमी, त्यात दोन लिटरची ३२०आय. मर्सिडीजची १९०ई सुद्धा १.७ मीटरच्या आत, इंजिन दोन लिटर. दोन्ही अलगद ५ नंबरात बसायच्या. तोक्योत त्या इतक्या झाल्या की लोक बीएमडब्ल्यूला 'रोप्पोंगीची कोरोला' म्हणायला लागले. रोप्पोंगी म्हणजे तिथला रात्री जागणारा पैसेवाला भाग, आणि कोरोला म्हणजे गल्लीतली कुणाचीही गाडी. चिडवणं होतं, पण खप वाढला होता म्हणूनच चिडवत होते ना.

मग १ एप्रिल १९८९. जपानात तीन टक्क्यांचा कंझम्प्शन टॅक्स आला आणि घेतानाचा जुना कर गेला. गाड्यांवर सुरुवातीला ६ टक्के ठेवला, पण कुठे २३ आणि कुठे ६. वर्षाचा करही रुंदी-लांबी सोडून फक्त सीसीवर, आणि पायऱ्या बारीक: अडीच लिटरपर्यंत ४५,०००, तीन लिटरपर्यंत ५१,०००. काल ज्या गाडीला ८१,५०० होते तिला आज ४५,०००! मित्सुबिशीने १९९०च्या मे महिन्यात दियामान्ते आणली, ऐसपैस रुंद, अडीच लिटरचा पर्याय, नेमकी त्या नव्या पायरीवर पाय ठेवून. त्या वर्षीची जपानची 'कार ऑफ द इयर' तीच ठरली.

आमच्या काचोने मात्र ठरवलं होतं, घेईन तर क्राउनच. क्राउनमध्ये अडीच लिटरचं नवं इंजिन येणार अशी कुणकुण डीलरने त्याच्या कानावर घातलेली, म्हणून तो थांबला. आणि तेवढ्यात आमच्या लाइनवरच्या सव्वीस वर्षांच्या पोराने हप्त्यांवर दियामान्ते उचलली. सोमवारी सकाळी कंपनीच्या आवारात 'मिकावा ३३'. काचोने झाडणी हातात तशीच धरून ती प्लेट वाचली. ऑगस्टमध्ये अडीच लिटरची क्राउन खरंच आली, त्याने घेतलीही, पण तोवर आवारात ३३ वाल्या चार गाड्या झाल्या होत्या. त्यानंतर दोन आठवडे त्या पोराशी तो कामापुरतंच बोलत होता.

एक गोष्ट माझ्याच म्हणण्याच्या विरोधात जाते, तीही सांगतो. निस्सानची सीमा नावाची गाडी १९८८च्या जानेवारीत आली. तीन लिटर टर्बो, २५५ हॉर्सपॉवर, राजरोस ३ नंबर. तेव्हा कर अजून जुनाच होता, तरी ती इतकी खपली की पेपरवाल्यांनी त्याला 'सीमा प्रकार' असं नावच पाडलं. आम्ही दोघे मराठी त्या नावावर महिनाभर हसत होतो, कारण सगळं जपान जी सीमा पाळत होतं ती ओलांडणाऱ्या गाडीचंच नाव सीमा. शेअरबाजार तेव्हा आभाळाला लागलेला. त्यामुळे करानेच सगळं घडतं असं मी म्हणणार नाही. खिसा फुगलेला असला की कर दिसत नाही.

लाल_घोडा

काकांचा प्रतिसाद कडक. त्या झाडणीसाठी वेगळा +१.

पहिल्या प्रश्नाला माझ्याकडून एकच उदाहरण, पण त्याच्यावर कडी करून दाखवाच: फेरारी २०८.

इटलीत दोन लिटरच्या वरच्या गाडीला ३८ टक्के व्हॅट होता, आतल्या गाडीला त्याच्या साधारण निम्मा. म्हणून खुद्द फेरारीने स्वतःच्या देशातल्या गिऱ्हाइकासाठी ३०८ या तीन लिटरच्या व्ही८चे बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८१ मिमीवरून ६६.८वर आणले आणि १९८०मध्ये २०८ जीटीबी काढली. १९९१ सीसी, सिलिंडर आठच. भागाकार करा, एका सिलिंडरला २४९ सीसी. आपल्या जुन्या बुलेटचा एकटा सिलिंडर ३४६चा! ताकद १५५ हॉर्सपॉवर. लाल रंग, झोपलेली काच, उघडझाप करणारे दिवे, आणि सिग्नलला कुणीही मागे टाकावं.

मग त्यांनी १९८२मध्ये तिलाच टर्बो लावला, ताकद थेट २२०. फेरारीची रस्त्यावरची पहिली टर्बो गाडी ती हीच. कायद्याने सीसी मोजले होते, टर्बोने आत कोंबलेली हवा कुणी मोजली नव्हती. मासेरातीने तर १९८१मध्ये दोन लिटरला दोन टर्बो लावून गाडीचं नावच बिटुर्बो ठेवलं. १९९६ सीसी.

आणि बीएमडब्ल्यूची ३२०आयएस. त्यांच्याच एम३ या जोरदार गाडीचं २३०० सीसीचं इंजिन, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, कमी करून १९९०वर आणलेलं, फक्त इटली आणि पोर्तुगालसाठी. १९२ हॉर्सपॉवर, म्हणजे खऱ्या एम३च्या अगदी जवळ. आज ती जुन्या गाड्यांच्या शौकिनांत भाव खाते. कर चुकवायला काढलेली गाडी, आणि आता ती दुर्मिळ म्हणून महाग!

शांघायची_सून

मी इथे नऊ वर्षं स्पेअर पार्टच्या आयात-निर्यातीत आहे. चीनचं गणित चाकणकरांच्या नॅपकिनपेक्षा छुपं आहे, कारण इथला कंझम्प्शन टॅक्स किमतीच्या वर नाही, किमतीच्या पोटात बसतो. नवीन माणूस इथेच चुकतो. मीही पहिल्याच महिन्यात चुकले होते आणि एक्सेलची शीट साहेबांकडून लाल होऊन परत आली होती.

दर सीसीप्रमाणे: दीड ते दोन लिटर ५ टक्के, अडीच ते तीन १२, तीन ते चार २५, चारच्या वर ४०. वरचे दोन दर २००८च्या १ सप्टेंबरला वाढवले, आधी १५ आणि २० होते. आता बंदरात १००ला उतरलेली गाडी घ्या. १५ टक्के ड्यूटी, ११५ झाले. यावर ४० टक्के म्हणजे १६१ असं वाटतं ना? नाही. ११५ला ०.६ने भागायचं, कारण कर धरून होणाऱ्या किमतीचे ४० टक्के हा कर असायला हवा. झाले १९२. त्यावर १३ टक्के व्हॅट, २१७. हीच गाडी चार लिटरच्या आत असती तर १७३, तीनच्या आत १४८, दोनच्या आत १३७.

म्हणून बीएमडब्ल्यूचा ४३९५ सीसीचा व्ही८ इथे सगळ्यात वरच्या खणात पडतो, आणि मर्सिडीज-एएमजीचा ३९८२चा व्ही८ अठरा सीसीने वाचतो. सेव्हन सिरीज तर इथे ७३०एलआय या नावाने दोन लिटर चार सिलिंडरची विकली. चाकणकर, तुमच्या ५२०आयची थोरली बहीणच समजा. पोर्शनेही मकान नावाची गाडी दोन लिटर चार सिलिंडरमध्ये दिली.

पण मला काकांच्या गोष्टीतली खरी गंमत वेगळी वाटली. जपानने रुंदी मोजली, म्हणून गाड्या अरुंद झाल्या. चीनने फक्त सीसी मोजले, लांबीवर काहीच नाही, म्हणून इथे गाड्या लांब झाल्या! ऑडी ए६एल, फाइव्ह सिरीज लाँग, मर्सिडीज ई-क्लास लाँग, सगळ्या इथे बनतात, मागच्या सीटसमोर पाय पसरून बसण्याइतकी जागा. मालक मागे बसतो. पुढे दोन लिटर आहे की चार, हे त्याला मागे कळतच नाही. आमचे मोठे साहेब फोनवर बोलत असतात, ड्रायव्हर बिचारा अ‍ॅक्सिलरेटर दाबत असतो.

अवांतर: २०१६च्या डिसेंबरपासून १३ लाख युआनच्या वरच्या गाडीला आणखी १० टक्के लागले. २०२५च्या जुलैत ती रेघ ९ लाखांवर आणली आणि त्यात इलेक्ट्रिकही धरल्या. बॅटरीला सीसी कुठून आणणार, म्हणून मग किंमतच मोजायची.

पेट्रोलपंप

वाचतोय. पण एवढं सगळं झाल्यावर सीसीच का मोजतात? वजन मोजा, किंमत मोजा. सीसीवरून आता कळतं तरी काय?

नागोया_रिटर्न

पेट्रोलपंप, कारकुनाच्या बाजूने बघा. किमतीचं बिल डीलर कमी-जास्त दाखवू शकतो. बोअर आणि स्ट्रोक मात्र व्हर्नियरने मोजता येतात, आणि इंजिन काही खोटं बोलत नाही.

मोजायला सोपं ते मोजायचं ही खोड जुनीच आहे. इंग्लंडात १९२१पासून हॉर्सपॉवरमागे एक पौंड कर होता, आणि ती हॉर्सपॉवर काढायची फक्त बोअर आणि सिलिंडरच्या संख्येवरून. स्ट्रोक सूत्रातच नाही. मग काय, इंग्रजांनी बारीक बोअर आणि लांबलचक स्ट्रोकची इंजिनं केली, बासरीसारखी. घरच्या बाजारात कराला स्वस्त, आणि बाहेरच्या लांब मोकळ्या रस्त्यांवर धापा टाकणारी. दुसऱ्या महायुद्धानंतर निर्यात वाढवायची वेळ आली तेव्हा तो कर काढून सरसकट दहा पौंड केला.

आणि आपण तरी कुठे वेगळे? चार मीटरच्या आतल्या गाडीला सवलत म्हटल्यावर टाटांनी २००८मध्ये पिंपरीतच इंडिगोची डिकी कापली आणि इंडिगो सीएस केली. चाकणकरांना हे मी सांगायला नको.

चाकणकर

सगळ्यांचे आभार. काका, सीएस आमच्या घरी होती. डिकीत दोन बॅगा आणि गॅसची टाकी एका वेळी कधीच मावली नाही.

तुमचे प्रतिसाद वाचून काल बुर्साच्या मॅनेजरला मेसेज टाकला, ५२०आय कशी आहे म्हणून. म्हणाला, विकली. आता टेस्ला मॉडेल वाय घेतलीय. त्यांच्याकडे इलेक्ट्रिक गाडीला रेघ मोटरच्या ताकदीची, म्हणजे किलोवॉटची होती: १६० किलोवॉटपर्यंत आणि ठरावीक किमतीच्या आत असेल तर ओ-ते-वे फक्त १० टक्के. म्हणून टेस्लाने तुर्कस्तानासाठी १६० किलोवॉटचीच मॉडेल वाय आणली. लाल_घोडा, तुमच्या २०८सारखीच, फक्त इथे ना बोअर ना स्ट्रोक, सगळं सॉफ्टवेअरमध्ये. २०२५च्या जुलैत तो १०चा दर २५ केला, पण याने त्याच्या आधी नंबर लावला होता, म्हणून सगळ्या ऑफिसला बाकलावा वाटला म्हणे.

मी विचारलं, सोळाशेची फाइव्ह सिरीज कोण घेणार, नुकसान झालं असेल ना? त्याने एक हसरा चेहरा पाठवला. लिरा इतका घसरलाय की घेतली त्याच्या तिप्पट लिरांना गेली. आणि घेणाऱ्याने पहिला प्रश्न काय विचारला असेल? रंग नाही, किलोमीटर नाही. "वन पॉइंट सिक्सच आहे ना, नक्की?"